फलाट नंबर चारचे मालक

माजं पोट सुटाय लागलं तवा लोकांनी माजं कौतुक केलतं. मी रॉकेलचं स्टो दुरुस्त करायचो. पेटी खांद्याला मारून मंगळवार पेठेत बोंबलत हिंडायचो, आणि दारातल्या बायका म्हणायच्या, ह्येला लग्न मानवलं बघा. मलाबी पटलं. पोट डाव्या अंगाला जास्त आणि उजव्या अंगाला कमी असं का सुटलंय, ह्येचा इचार करायला पायजे हुता. पण मी चौथी नापास. मला वाटलं, पेटी डाव्या खांद्याला असती, त्या वजनानं चरबी तिकडं घसरली असंल.

डॉक्टरनी पोट दाबलं आणि म्हणालं, ही चरबी न्हवं, पाणथरी म्हंजे प्लीहा वाढल्या. रक्त तपासलं तर रक्ताचा कॅन्सर निघाला. सावकाश चालणारा हाय, म्हणालं. काय वर्सं निघतील. मग एक दिवस पळाय लागंल, आणि पळाय लागला की आमच्या हातात फारसं काय न्हाय. मी इचारलं, पथ्य काय? मला वाटलं वांगं बंद करतील. डॉक्टर माज्या तोंडाकडं बघतच राह्यलं.

बाहेर येऊन बाकड्यावर बसलो आणि रडाय लागलो. लोकांना सांगिटलं, डोळ्यात रॉकेल गेलंय. शेजारी एक उंच, वाळकं म्हातारं बसलंतं. पांढराफेक शर्ट, खिशाला पेन, आणि मांडीवर चक्क घरातली उशी. तेनी इचारलं, "पावणं, गाव?"

"मुरगूड."

म्हाताऱ्यानं घसा साफ केला, तोंडाफुडं मूठ धरली आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणालं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. मुरगूडकडे जाणारी गाडी उशिराने धावत आहे. प्रवाशांनी घाई करू नये."

मी रडायचा थांबलो. मला वाटलं ह्येचा कॅन्सर डोस्क्यात गेलाय.

तेच आमचं मालक. नोकरीभर ष्ट्यांडवर कंट्रोलर हुतं. माईकवरनं गाड्या पुकारायचं काम. आमच्यासारखंच रांगडं बोलायचं, पण तोंडाफुडं मूठ आली की भाषा एकदम इस्तरी केलेली. ष्ट्यांड सुटला तरी मूठ सुटली न्हवती. आणि गंमत म्हंजे ह्या माणसानं आयुष्यभर लोकांना गावोगाव लावून दिलं, पण स्वता कधी एसटीत बसलं न्हाईत. बसलं की उलट्या. सासुरवाडी वारणानगरला, लग्नाच्या वरातीला बैलगाडी केलती, आणि तिच्यातबी एकदा ओकलंतं. हे काकी सांगायची. काकी म्हंजे मालकीण.

मला धंद्याला रोज मुरगुडास्नं येणं झेपायचं न्हाय. बायको गावाकडं आईजवळ राह्यली, आणि मी मंगळवार पेठेतच मालकांच्या माडीवरची खोली घेतली. मी आधीच सांगून टाकलं की आमी बौद्ध, मागनं कुणी कुरकुर करायला नको. मालकांनी इचारलं, घोरतोस का? मी म्हटलं, व्हय. तर म्हणालं, मग दार लावून घोर. झाला करार.

त्या खोलीचं नाव फलाट नंबर चार. घरात खोल्या तीनच हुत्या. मी एकदा धाडस करून इचारलं, मालक, तीन खोल्यांत चार नंबर कसा? म्हणालं, एक फलाट कायम दुरुस्तीसाठी बंद असतो, असा नियमच हाय. काकीनं चुलीवर चहा ठेवला की हे बाहेरच्या सोप्यातनं पुकारायचं, स्वयंपाकघरातून सुटणारा चहा थोड्याच वेळात सोप्यात येत आहे. ती आतनं म्हणायची, गाडीत साखर न्हाय, खाली उतरून आणा. तेंच्या संसारात भांडण झालं तरी असं पुकारूनच व्हायचं. गल्लीला सगळं वेळापत्रक पाठ.

आता उशीचं सांगतो. मालकांचा कॅन्सरबी रक्ताचाच, पण मुक्काम हाडात. हाडं आतनं भुसभुशीत झालती. एकदा नुसती शिंक आली आणि बरगडी मोडली. तवापास्नं उशी कायम संगं. शिंक येणार असं वाटलं की उशी छातीशी घट्ट धरायची, मूठ तोंडाफुडं न्ह्यायची आणि पुकारायचं, सर्वांनी सावध राहावे. मग बारीकशी शिंक. आमी सगळी श्वास धरून बसायचो. मोडलं न्हाय म्हटल्यावर मालक खुशीत उशी थोपटायचं.

कसं काय, बरं हाय का, असं ते कुणाला इचारायचं न्हाईत. सकाळी जिन्यात भेटलं की एकच प्रश्न, "वेळेवर हाय का?" त्येला उत्तर ठरलेलं, "लेट हाय." वेळेवर हाय म्हटलं तर अर्थ वाईट. मी पयल्या दिवशी मोठ्या रुबाबात म्हटलं, एकदम वेळेवर हाय मालक. तर काकीच्या हातातनं तांब्या पडला.

दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर आमी महिन्या-महिन्याला बसायचो. तवा बाकड्याची रीत अशी की माणसं यायची, ओळख व्हायची, भाकरी वाटून खाल्ली जायची, आणि मग एक महिना जागा मोकळी दिसायची. कुणी इचारायचं न्हाय. मालक त्या जागंकडं बघून हळूच पुकारायचं, फक्त गावाचं नाव घेऊन. गडहिंग्लज गाडी सुटली आहे. कागल गाडी सुटली आहे. पयल्यांदा मला राग आला. मी म्हटलं, मालक, माणूस मेलाय, चेष्टा काय करताय. ते म्हणालं, "सुटल्याली गाडी पुकारली न्हाय तर मागं राह्यलेला माणूस फलाटावर वाट बघत बसतो. मी बघितल्यात असली माणसं."

वारणानगरचा एक कामगार आमच्यात बसायचा. साखर कारखान्यात हुता, हाताला मळीचा वास. त्येचा कॅन्सर पळणारा निघाला. आज बोलला आणि दोन महिन्यांत गेला. नंतर त्येची बायको दवाखान्यात आली. कशाला आली तिलाच ठाऊक न्हवतं. नवऱ्याची तारीख हुती म्हणून आली. बाकड्याफुडं उभी राह्यली आणि मालकांना म्हणाली, "तुमी पुकारता म्हणं. त्येंचं पुकारा की."

मालक उभं राह्यलं. उभं राह्यचं म्हंजे तेंना लई तरास, कमरेत कळ. मूठ तोंडाफुडं न्हेली. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. वारणानगरकडे जाणारी गाडी..." आणि फुडं आवाजच येईना. नोकरीभर एवढ्या गाड्या सोडल्या, ही सुटंना. शेवटी ती बाईच म्हणाली, सुटली आहे. मान हलवली आणि गेली. मालकांनी घरापतूर उशी छातीशी धरलती. शिंक काय आली न्हाय.

तवा माजंबी ठरलेलं हुतं. मी एक चांगलं केलतं, बायकोला माज्या दिवसाच्या जेवणाला काय करायचं ते सांगून ठेवलतं. वांगं करू नको म्हटलं, पथ्य असंल.

मग दोन हजार साल उलटल्यावर ती गोळी आली.

गोळी म्हंजे कॅप्सूल. आत पूड. परदेशी कंपनीची, लई महाग, पण डॉक्टरनी कागदं रंगवली आणि माज्यासारख्या फाटक्याला फुकट मिळाय लागली. दिवसाच्या चार, जेवणावर, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. काय महिन्यांत माजं पोट उतरलं. रक्त सरळ झालं. डॉक्टर रिपोर्टकडं बघायचं आणि माज्याकडं बघायचं, जसं काय मीच अभ्यास करून पास झालोय. म्हणालं, तुज्या जातीचा कॅन्सर असलेली माणसं आधी हातातनं जायची, आता संसार करतील. पण एक दिवस चुकवायची न्हाय. अर्धवट घेतली तर आजार शिरजोर होऊन परत येतो, आणि मग गोळीलाबी जुमानत न्हाय.

आणि खरंच की. बाकड्यावर जागा मिळंना. ज्येंना माज्यासारखा सावकाश चालणारा हुता ती माणसं जायचीच बंद झाली. दर महिन्याला तीच तोंडं. कुणाला दाढी आली, कुणाचं पोरगं दहावीला गेलं, एकानं तर दुसरं लगीन केलं. मालक उभं राहून पुकारायचं, डेपोत गाड्या साठल्या आहेत, चालकांनी गाड्या बाजूला घ्याव्यात. सगळी हसायची.

पण नीट बघितलं तर बाकड्याची दोन टोकं झालती. एका टोकाला आमी, रद्द झालेल्या गाड्या. दुसऱ्या टोकाला पळणाऱ्या कॅन्सरची, हाडातल्या कॅन्सरची. त्या टोकाची जागा पयल्यासारखीच मोकळी व्हायची. आणि मालक त्या टोकाला बसायचं.

मी डॉक्टरला इचारलं, ही गोळी मालकांना द्या की. डॉक्टर म्हणालं, तेंच्या आजाराचं कुलूप येगळं हाय, ही किल्ली तिकडं चालत न्हाय. मी मान हलवली. मनात म्हटलं, मला शिकवतोय. मी स्टोवाला. ह्या स्टोचा वायसर त्या स्टोला बसवून मी निम्मी पेठ पेटती ठेवल्या. रक्त त्येचंबी लाल, माजंबी लाल. फुकटची गोळी मोजूनमापून येती, म्हणून ह्यो नको म्हणतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन गोळ्या खाल्ल्या आणि दोन मुठीत धरून खाली गेलो. मालक पलंगावर बसलंतं. मी हात फुडं केला. मला वाटलं शिव्या घालतील.

मालकांनी गोळ्यांकडं बघितलं. "आणि मी नको म्हटलं तर?"

मी म्हटलं, मग बाकड्यावर तुमच्या टोकाला बसणाऱ्या कुणालातरी देणार. मला दोन बास हायत. रक्त सरळ झालंय, सरळ रस्त्याला एवढं तेल कशाला.

स्वयंपाकघराच्या दारात काकी उभी हुती, मालकांनी तिच्याकडं बघितलं. मग शर्टाच्या खिशात गोळ्या टाकल्या आणि म्हणालं, "बरं. रोज सकाळी आणून दे. खाडा करायचा न्हाय. दुसऱ्या कुणाला एक बी द्यायची न्हाय. शपथ घे."

मी काकीच्या चुलीची शपथ घेतली. लई मोठं काम केल्यासारखं वाटलं. त्या दिवशी तीन स्टो फुकट दुरुस्त केलं.

तवापास्नं लाडू सुरू झालं. मेथीचं लाडू. काकी म्हणाली, ह्येंच्या हाडासाठी केल्यात, पण एकटं खाईनात, तू संगतीला खा. मेथीचा लाडू कडू असतो हे मला ठाऊक हाय. पण काकीचा लाडू म्हंजे कडू लिंबाचा सख्खा मामा. आमच्या आईनं असला लाडू केला असता तर बापानं तिला माहेरी पाठवलं असतं. मी तोंड वाकडं केलं की मालक मूठ उचलायचं, प्रवाशांनी सामान गाडीत सांडू नये. कण बी सांडू द्यायचं न्हाईत. फुडं ग्लासभर पाणी. मी सगळं पिऊन ग्लास उपडा करून दाखवला की मगच सोडायचं. मालक स्वताचा लाडू सावकाश खायाचं, तोंड अजिबात वाकडं न करता. मी म्हणायचो, मालक, तुमची जीभ मेल्या. ते म्हणायचं, व्हय, ती फुडच्या गाडीनं गेली.

वर्सभर असं चाललं. माजं रक्त सरळच्या सरळ. बघा, मी मनात म्हणायचो, डॉक्टर काय सांगत हुता आणि काय झालं. दोन गोळ्यांत भागतंय की.

पण मालक उतरत चाललतं. उशी एकाची दोन झाली. जिना चढायचा बंद झाला, मग दारापतूर जायाचं बंद झालं. मला कोडं पडलं. गोळी तर रोज घेत्यात, मग लागू का पडंना? मी डोस्कं चालवलं, जेवढं हाय तेवढं. म्हटलं, दोन कमी पडत असतील. मग मी एकच खायाय लागलो आणि तीन खाली न्ह्यायाय लागलो. मालकांनी तीन घेतल्या, खिशात टाकल्या.

तवापास्नं लाडू मोठा झाला. मी काकीला म्हटलंबी, एवढा लाडू म्हंजे जेवणच झालं की. काकीनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मला वाटलं हसती हाय.

शेवटी एका सकाळी मालक पलंगावर कूस बदलाय गेलं आणि मांडीचं हाड मोडलं. नुसतं कुशीवर वळताना. दवाखान्यात न्हेलं. डॉक्टर म्हणालं, किडनी बी बसत चालल्या. काकी रोज सकाळी माज्याकडनं तेंच्या गोळ्या मागून घ्यायची, मग डब्यातनं लाडू घेऊन यायची आणि मालक झोपल्या-झोपल्या मी खातो का न्हाय बघायचं. आजूबाजूचं पेशंट म्हणायचं, आजारी कोण आणि खातंय कोण.

एका दुपारी मी गेलो तर डबा न्हवता. काकी रात्रीपास्नं तिथंच, भिंतीला टेकून नुसती बसलती. मालकांचा आवाज बसलाता. मला जवळ बोलवलं आणि इचारलं, आजच्या गोळ्या खाल्ल्या का. मी म्हटलं, माजी खाल्ली, तुमच्या ह्या आणल्यात.

"आज त्या तीन बी तूच खा. माज्याफुडं."

"आणि तुमी?"

मालकांनी हात उचलला. मूठ तोंडापतूर आली न्हाय, छातीवरच राह्यली. "माजी वेळेवर हाय," म्हणालं.

मी गोळ्या खाल्ल्या. तेंच्या समाधानासाठी खाल्ल्या. ग्लास उपडा करून दाखवला. त्येच सांजच्याला मालक गेलं.

मुरगुडास्नं बायको आली, गल्ली गोळा झाली, सगळं पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीवर बसलतो. एक गोळी खाल्ली. तीन कागदात बांधल्या. मनाशी ठरवलं, बाकड्यावर त्या टोकाला हातकणंगल्याचं एक पावणं नवीन आल्यात, त्येंना द्यायच्या. मालकांच्या नावानं पुण्य. शपथ दिलेला माणूसच गेला म्हटल्यावर शपथ बी सुटली.

तेवढ्यात खालनं मेथी भाजल्याचा वास आला.

मला वाटलं भास हुतोय. सुतकाचं घर. चूल पेटवायची न्हाय, शेजारनं पिठलं-भाकरी येत हुती. पण वास वाढतच गेला. खाली गेलो तर दारात शेजारच्या दोघी उभ्या, एकमेकींच्या कानाला लागलेल्या. एक मला म्हणाली, बाईला भ्रम झालाय बघ, नवऱ्याची राख गार झाली न्हाय आणि लाडू वळाय लागल्या.

काकी चुलीफुडं बसलती. कपाळ मोकळं. परातीत लाडवाचं सारण. तिनं त्या दोघींकडं बघितलंबी न्हाय. मला म्हणाली, "बस हितं. उरलेल्या तीन कुठं हायत?"

मी कागद फुडं केला. पावण्यांचं बी सांगून टाकलं, हातकणंगल्याचं.

काकीनं कागद घेतला. एक कॅप्सूल उचलली, दोन बोटांत धरून पिरगाळली, आणि आतली पूड सारणावर झटकली. मग दुसरी. मग तिसरी. हात असा सरावलेला, जसं काय वेलदोडा सोलतीय. सारण कालवलं, लाडू वळला आणि माज्या हातावर ठेवला. मोठा लाडू. रोजच्याएवढा.

मी लाडवाकडं बघत बसलो. चौथी नापास असलो तरी एवढं कळलं.

"पयल्या दिवसापास्नं?" मी इचारलं.

"पयल्या दिवसापास्नं. मी म्हटलंतं, तेला सरळ सांगा, फेकून मारा तेच्या अंगावर. ते म्हणालं, न्हाय घेतल्या तर हे येडं दुसऱ्याला वाटून येणार, आणि मग कुणाच्या घरात ह्येच्यासाठी लाडू होणार न्हाय." काकीनं परात पुसली. "डॉक्टरनी तेंनाबी सांगिटलंतं, अर्धवट घेतली तर तू जाशील. लाडू गिळताना तू तोंड वाकडं करायचास न्हवं, ते मागनं मला म्हणायचं, बघ, गेली पोटात."

"आणि ते खायाचं तो?"

"त्यो नुसत्या मेथीचा. गूळ जास्त घालून."

दारातल्या दोघी कधी गेल्या ठाऊक न्हाय. काकी म्हणाली, खा. मी खाल्ला. सुतकाच्या घरात बसून खाल्ला. कण बी सांडला न्हाय.

डॉक्टरला हे सांगिटलं तर तेनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणालं, त्या बाईला माजा नमस्कार सांग. मला काय म्हणालं ते हितं सांगत न्हाय, माज्यासाठी ते नवीन न्हवतं.

बाकड्यावर मालकांची गाडी पुकारायचं काम माज्यावर आलं. मी उभा राह्यलो, मूठ धरली, आणि म्हटलं, मंगळवार पेठेकडे जाणारी गाडी सुटली आहे. एक म्हातारा म्हणाला, आरं येड्या, ते मंगळवार पेठेतनं सुटलं, मंगळवार पेठेकडं कसं जातील. कुणी हसलं न्हाय.

आता पेठेत सगळ्यांच्या घरात गॅस आला. रॉकेलचा स्टो कुणी वापरत न्हाय. माजा धंदा गेला, मी मात्र हाय. फलाट नंबर चारवर अजून राहतो. गोळ्या आता चारी एकदमच खातो, खाली येऊन, काकीफुडं उभा राहून, साध्या पाण्याबरोबर. कडू लागत न्हाईत. पूड जिभेवर येतच न्हाय, सरळ खाली जाती. मला उगंच वाटत राहतं की आज गोळी खाल्लीच न्हाय.

ग्लास उपडा करून दाखवतो. काकीला आता कमी दिसतंय, ती बोटानं ग्लास चाचपून बघती. मग इचारती, वेळेवर हाय का?

लेट हाय काकी, मी म्हणतो. अजून लेटच हाय.